क्लावे आधी, सूर नंतर: जॅझ आणि लॅटिन ट्रॉम्बोन शिकताना, त्यावर जगताना आणि शिकवताना

१९६१ साली न्यूयॉर्कमध्ये पियानोवादक एडी पाल्मिएरीने ‘ला पेरफेक्ता’ हा बँड काढला. त्या काळी लॅटिन डान्स बँड म्हटलं की ट्रम्पेटची फळी ठरलेली. पाल्मिएरीने ट्रम्पेट बाजूला ठेवले आणि एक बासरी, दोन ट्रॉम्बोन असा मेळ बसवला. ट्रॉम्बोनवर होते न्यूयॉर्कच्याच ब्रॉन्क्स भागातला ज्यू वादक बॅरी रॉजर्स आणि मूळचा ब्राझीलचा जोझे रॉड्रिगेस. या दोघांनी जो खरखरीत, रुंद, अंगावर येणारा आवाज काढला त्याने पुढच्या सगळ्या साल्सा संगीताचा बाज बदलला. ब्रॉन्क्समधल्याच विली कोलोन नावाच्या पोराने बॅरी रॉजर्सला ऐकून ट्रम्पेट सोडला आणि ट्रॉम्बोन धरला. १९६७ साली त्याचा पहिला अल्बम आला, तेव्हा त्याने विशीही गाठली नव्हती.

या मंडळींना ऐकून ट्रॉम्बोनकडे वळणारे बहुतेक जण आधी त्यांचा आवाज उचलायला जातात. छाती फुगवून, गाल ताठ करून जोरात फुंकतात. मला वाटतं, सुरुवात तिथून करू नये. ट्रॉम्बोनला पियानोसारखी पट्टी नाही, ट्रम्पेटसारखे दाबायचे व्हॉल्व्ह नाहीत. एका सुरावरून दुसऱ्यावर जायला हाताला खरोखरच अंतर कापावं लागतं, आणि त्यामुळे या वाद्यावर मागे पडणं फार सोपं. लॅटिन संगीतात मागे पडलेला बरोबर सूर हा चुकीच्या सुरापेक्षा जास्त खटकतो. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा तालाला दिली आहे. बाकीचं लागेल तेवढंच.

वाद्य निवडताना

टेनर ट्रॉम्बोन घ्या, बी-फ्लॅटचा. त्याच्या नळीचा आतला व्यास, म्हणजे बोअर, बघून घ्या. सिम्फनी ऑर्केस्ट्रात साधारण १३.९ मिलिमीटरचा मोठा बोअर चालतो. जॅझ आणि साल्सासाठी १२.७ ते १२.९ मिलिमीटरचा लहान बोअर बरा. आवाज टोकदार येतो, वरचे सूर लवकर पकडता येतात आणि तीन-तीन सेट वाजवताना दम टिकतो. जाड बोअरवर साल्सा वाजवता येत नाही असं नाही, पण नवख्या माणसाने स्वतःवर तेवढं ओझं घेऊ नये. माउथपीस मध्यम आकाराचा असावा. बाखचा साडेसहा एएल पुष्कळ शिक्षक देतात तो त्यासाठीच. माउथपीसची दांडी लहान शँकची, म्हणजे बारीक मापाची आहे ना, हे दुकानातच बसवून बघा.

जुनं वाद्य घेत असाल तर पितळेची चकाकी सोडून द्या, स्लाइड, म्हणजे पुढे-मागे सरकणारी नळी, तपासा. बेलचा, म्हणजे भोंग्याचा भाग काढून ठेवा. स्लाइड उभी धरा, खाली हात धरून ठेवा आणि बाहेरची नळी हळूच सोडा. ती कुठेही न अडकता सरकली पाहिजे. मग आतल्या नळ्यांची वरची दोन्ही तोंडं अंगठ्यांनी घट्ट बंद करून तसंच करा. आता ती जवळजवळ जागच्या जागी अडकून राहिली तर नळ्या हवाबंद आहेत. सरसर खाली आली तर हवा गळते, आणि ते दुरुस्त करणारा कारागीर आपल्याकडे सहज मिळत नाही. स्लाइडला पोचा असेल तर वाद्य कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

देखभाल सोपी आहे, पण ती रोजची. आतल्या नळ्यांना स्लाइड क्रीमचा पातळ थर आणि वरून पाण्याचा फवारा. आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने आतून धुवा; कढत पाण्याने लॅकर, म्हणजे वरचा चकचकीत थर, सुटतं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, नाहीतर अस्तराला बुरशी धरते आणि तीच हवा तुम्ही रोज ओढता. सोसायटीत राहत असाल तर प्रॅक्टिस म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, आधीच घ्या. फक्त दिवसातला थोडा वेळ तरी म्यूट काढून, मोकळ्या आवाजात वाजवायची सोय करा. गच्ची, शाळेचा हॉल, चर्चचं आवार, काहीही चालेल. सतत म्यूट लावून वाजवणाऱ्याचा श्वास आखडतो.

पहिले महिने: श्वास, ओठ आणि सात जागा

स्लाइडला सात जागा असतात. पूर्ण आत ती पहिली, आणि प्रत्येक जागेला सूर अर्ध्या स्वराने खाली येतो. पहिल्या आणि दुसऱ्या जागेत साधारण आठ सेंटीमीटरचं अंतर असतं. पुढे प्रत्येक अंतर थोडं थोडं वाढत जातं. नळीवर खुणा नसतात. तिसरी जागा बेलच्या कडेच्या थोडी अलीकडे, चौथी किंचित पलीकडे, एवढाच डोळ्यांना आधार. बाकी सगळं कानावर. ज्यांनी हार्मोनियम सोडून तानपुऱ्यावर गळा लावला आहे त्यांना हे चटकन कळतं. तानपुरा खरोखर लावाच. बी-फ्लॅटचा षड्ज ठेवा आणि त्यावर लांब सूर धरा. सूर लागला की तानपुऱ्याशी घासणारी थरथर थांबते.

पहिले सहा-आठ आठवडे रोजचा क्रम साधा ठेवा. थोडे लांब सूर. मग स्लाइड न हलवता फक्त ओठ आणि हवेने एका सुरावरून दुसऱ्यावर जाणं, म्हणजे लिप स्लर. मग दोन-तीन सोप्या धुना, कुठल्याही, तुम्हाला पाठ असलेल्या. जेवढा वेळ वाजवाल तेवढाच वेळ विश्रांती घ्या. ओठ हा स्नायू आहे. तो दुखेपर्यंत दाबून वाजवलं तर दुसऱ्या दिवशी काही वाजत नाही. वरचा सूर येत नसेल तेव्हा माउथपीस ओठांवर दाबायचा मोह होतो. तो सवय होण्याआधीच मोडा. आरशासमोर बसा, डावा हात सैल ठेवा आणि वरचा सूर जास्त वेगवान हवेने काढा.

शिक्षक कुठे शोधायचा? मिलिटरी किंवा पोलीस बँडमधून निवृत्त झालेले वादक आणि चर्चशी जोडलेले गोव्याचे वादक, हे दोन सर्वांत भरवशाचे मार्ग. त्यांनी कदाचित साल्सा कधी वाजवलाही नसेल. त्याने बिघडत नाही. श्वास, ओठ, नोटेशन वाचणं हे त्यांच्याकडून पक्कं करून घ्या. ट्रॉम्बोनचं नोटेशन बास क्लेफमध्ये लिहितात आणि जे लिहिलंय तोच सूर वाजतो. काही बँडमध्ये ट्रेबल क्लेफची जुनी पद्धत चालते. ती शिकलात तर चांगलंच, पण न्यूयॉर्कमधला साल्साचा कागद बास क्लेफमध्येच येणार.

क्लावे अंगात भिनवणं

इथे घाई करू नका. मी विद्यार्थ्यांना या पायरीवर वाद्य हातात घेऊ देत नाही.

क्लावे हा पाच ठोक्यांचा सांगाडा आहे. क्यूबातून आलेल्या सगळ्या संगीताला तो धरून ठेवतो, वाजत असो वा नसो. एक ते सोळा समान मोजा. तीनतालाच्या सोळा मात्रा मोजता तसेच, फक्त जलद. टाळी या आकड्यांवर द्या: १, ४, ७, ११, १३. हा झाला ३-२ सोन क्लावे, म्हणजे पहिल्या अर्ध्यात तीन ठोके आणि दुसऱ्यात दोन. दोन्ही अर्धे उलटे केले की २-३ होतो: ३, ५, ९, १२, १५. रुम्बा क्लावेमध्ये सातवरचा ठोका आठवर सरकतो: १, ४, ८, ११, १३. फरक एका मोजणीचा, पण नाचणाऱ्याच्या कमरेला तो लगेच कळतो.

आता पाय १, ५, ९, १३ वर टाका आणि टाळी क्लावेची ठेवा. हे जमलं की मोजणं बंद करून गाणं गुणगुणा. मग बोला, कोणाशी तरी गप्पा मारा, टाळी चालूच ठेवा. बोलताना टाळी तुटली नाही तरच क्लावे अंगात उतरला असं समजायचं.

तीनतालाची सवय इथे जेवढी उपयोगी तेवढीच अडचणीची. आपला कान समेची वाट बघतो आणि समेवर आलो की बरं वाटतं. साल्साचा बास मात्र बहुधा एकवर गप्प असतो. तो ४ आणि ७ वर वाजतो, मग १२ आणि १५ वर. आणि पुढच्या बारचा (आठ मोजण्यांचा एक बार) कॉर्ड त्या सातवरच येऊन ठेपतो. सगळा बँड असा एका पावलाने पुढे झुकलेला असतो. आपल्याकडच्या शिकलेल्या वादकांना यात सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण ते नकळत एकवर जोर देतात. उपाय एकच: बास गा. फक्त बास. रेकॉर्डिंग लावा आणि ट्रॉम्बोनकडे लक्षही देऊ नका. बासबरोबर ‘दुम् दुम्’ करत राहा.

पुण्या-मुंबईत साल्सा नाचाचे वर्ग सहज सापडतात. ट्रॉम्बोन वाजवणाऱ्याने तिथे काही आठवडे नाचायला जावं, असं मी आग्रहाने सांगतो. नाचणारे कुठे वजन टाकतात हे पायाला कळल्यावर हाताला सांगावं लागत नाही.

मग वाद्य घ्या. एकच सूर: पहिल्या जागेतला बी-फ्लॅट. मेट्रोनोम सावकाश लावा आणि तो एक सूर फक्त क्लावेच्या पाच जागांवर वाजवा, आखूड आणि स्वच्छ. नंतर बी-फ्लॅट, डी, एफ. तिन्ही पहिल्याच जागेत येतात, म्हणजे स्लाइड हलत नाही, ओठ आणि जीभच काम करतात. ते पक्कं झालं की बी-फ्लॅटवरून सीवर जा, म्हणजे पहिल्या जागेतून तिसऱ्या. आता खरी परीक्षा. स्लाइड ठोक्याच्या क्षणी निघाली तर सूर उशिरा पोचतो आणि मध्ये घसरण्याचा आवाज येतो. स्लाइड ठोक्याच्या किंचित आधी निघून झटक्यात पोचली पाहिजे, आणि जीभ बरोबर ठोक्यावर पडली पाहिजे. मनगट सैल ठेवा; सगळा खांदा हलला तर वेग मिळत नाही. स्वतःचं रेकॉर्डिंग करा आणि त्यात क्लावे वेगळा वाजत ठेवा. आपण मागे आहोत हे वाजवताना कळत नाही, ऐकताना लख्ख कळतं.

जॅझची बाजू: कमी हालचाल, जास्त बोलणं

१९४० च्या दशकात बीबॉप ही जॅझची वेगवान शैली आली तेव्हा त्या वेगाला ट्रॉम्बोन पुरा पडणार नाही असंच बऱ्याच जणांना वाटत होतं. इंडियानापोलिसच्या जे. जे. जॉन्सनने ते खोडून काढलं. त्याचे सूर इतके सुटे आणि नेमके यायचे की पुष्कळ ऐकणाऱ्यांना तो व्हॉल्व्हचा ट्रॉम्बोन वाटे. यामागे हाताच्या वेगापेक्षा हाताची काटकसर जास्त आहे.

ही काटकसर शिकायची म्हणजे पर्यायी जागा पाठ करायच्या. मधला डी पहिल्या जागेत येतो तसा चौथ्यातही येतो. बी-फ्लॅट पहिल्यात आणि पाचव्यात. त्यावरचा एफ पहिल्यात, सहाव्यात आणि जरा आत घेतलेल्या चौथ्यात. एखादी ओळ सातत्याने अडखळत असेल तर वेग वाढवायच्या मागे लागू नका. कागदावर प्रत्येक सुराखाली जागेचा आकडा लिहा आणि स्लाइड मागे-पुढे हेलकावे न खाता एकाच दिशेने जाईल अशी वाट शोधा. मग जिभेकडे वळा. ‘ता’ ऐवजी ‘दा’, आणि जलद ओळींसाठी ‘डूडल’ अशी दुहेरी हालचाल. ती आधी नुसती तोंडाने, वाद्याशिवाय, तबल्याचे बोल पाठ करता तशी.

सोलो शिकण्याचा मार्ग जुनाच: ऐका, गा, मग वाजवा. चार बार घ्या, जास्त नको. गाता येत नाही तोवर स्लाइडला हात लावायचा नाही. लिहून घेण्यापेक्षा पाठ करणं महत्त्वाचं. दोन्ही शैली एकत्र कशा नांदतात हे बघायचं असेल तर कॉन्राड हरविग ऐका. पाल्मिएरीबरोबर वाजवलेला हा ट्रॉम्बोनवादक १९९६ मध्ये सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या रचना लॅटिन तालात बसवून पुढे आला. ऐकताना एकच प्रश्न मनात ठेवा: मूळ धून क्लावेत बसावी म्हणून कुठला सूर पुढे-मागे सरकवला आहे?

सेक्शनमध्ये बसणं

साल्सा बँडमध्ये सोलो मिळायच्या आधी सेक्शनमध्ये, म्हणजे एकत्र वाजवणाऱ्या ब्रासच्या रांगेत, जागा मिळवावी लागते. गाण्याची बांधणी ओळखायला शिका. आधी गायकाचा भाग, मग मोंतुनो, जिथे कोरस आणि गायक यांची सवाल-जवाबासारखी फेक चालते, मग माम्बो, जिथे ब्रास पुढे येतं. आणि त्यावर चढणाऱ्या मोन्या: एकावर एक रचलेल्या छोट्या आवर्ती ओळी. पहिला ट्रॉम्बोन एक ओळ सुरू करतो, चार फेऱ्यांनी दुसरा तिच्यावर दुसरी चढवतो. पुष्कळदा हे कागदावर नसतंच. बॅरी रॉजर्सची ख्याती यासाठीच होती. स्टेजवर उभ्या उभ्या तो मोन्या रचायचा. घरी सराव करताना दोन बारची, तीन-चार सुरांची ओळ रचा, क्लावेशी भांडत नाही ना ते तपासा आणि तीच पंधरा मिनिटं न बदलता वाजवा. न बदलता, हे महत्त्वाचं.

बाकी शिस्तीच्या गोष्टी: पेन्सिल, स्टँडचा दिवा, काळे कपडे, वेळेआधी हजर. कानात वादकांसाठीचे इअरप्लग, कारण मागे टिम्बालेसचे ढोल आणि शेजारी ट्रम्पेट असतात. लीड वादक सूर जिथे तोडतो तिथेच तोडा.

यावर जगायचं कसं

न्यूयॉर्कमध्ये नवा वादक बहुधा बदली म्हणून आत येतो. कुणीतरी आजारी पडतं, कुणाला दुसरीकडे जास्त पैसे मिळतात आणि तुम्हाला संध्याकाळी फोन येतो. त्या रात्री कागद पहिल्याच नजरेत वाचता आला, सोलोत मर्यादा पाळली आणि मूळ वादकाची जागा बळकावायचा प्रयत्न केला नाही, तर पुढचा फोन येतो. म्हणून वाचनाचा सराव रोज, आणि रोज न बघितलेला कागद.

उत्पन्न एका जागेहून येईल अशी अपेक्षा ठेवू नका. जे. जे. जॉन्सनने, त्याच्यासारख्या माणसाने, १९५२ ते १९५४ या काळात कारखान्यात ब्लूप्रिंट तपासनीसाची नोकरी केली. नंतर काई विंडिंग या वादकाबरोबरच्या दोन ट्रॉम्बोनच्या जोडीने तो परत आला, आणि १९७० नंतर कॅलिफोर्नियात सिनेमा-टीव्हीचं संगीत लिहू लागला. ट्रॉम्बोनवादक मेल्बा लिस्टन तर पुरुषांच्या बिग बँडमध्ये बसणारी एकटी बाई. प्रवासातल्या हालअपेष्टांनी तीही काही काळ वाजवणं सोडून लॉस एंजेलिसच्या शिक्षण खात्यात कारकून झाली होती. पण तिच्या हातात अरेंजिंग, म्हणजे बँडसाठी धून बसवून लिहिणं, होतं. पियानोवादक रँडी वेस्टनसाठी तिने लिहिलेल्या रचनांनी तिला वादनापलीकडची दुसरी ओळख दिली. १९७३ ते १९७९ ती जमैकात राहून तिथल्या संगीतशाळेत शिकवत होती. म्हणून माझा सल्ला: ट्रॉम्बोनबरोबर अरेंजिंग शिका, आणि जमल्यास बास ट्रॉम्बोन किंवा युफोनियमही वाजवा.

स्टीव्ह टुरेचं उदाहरण आपल्या वाचकांना विशेष वाटेल. मेक्सिकन वंशाचा हा अमेरिकन वादक रे चार्ल्स आणि आर्ट ब्लेकी यांच्याबरोबर वाजवून पुढे ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या टीव्ही कार्यक्रमाच्या बँडमध्ये दशकानुदशकं टिकला. त्याचबरोबर तो शंख वाजवतो. टोक कापलेल्या शंखाला ओठ लावून, तोंडाशी हात आत-बाहेर करत तो सूर खाली-वर नेतो. वेगवेगळ्या आकाराचे शंख घेऊन त्याने शंखांचा आख्खा ताफाच उभा केला. आपल्या देवघरातला शंख घेऊन बघा. हात आत सरकवला की सूर उतरतो. आणि ओठांची जी थरथर शंखाला लागते तीच ट्रॉम्बोनला लागते. लहान मुलांना ही थरथर, म्हणजे बझिंग, शिकवायला याहून सोपं साधन मला सापडलेलं नाही.

शिकवायला लागल्यावर

शिकवणं हे वादन जमलं नाही म्हणून घ्यायचं काम नव्हे. वर आलेल्यांपैकी टुरे न्यूयॉर्कच्या संगीत महाविद्यालयांत, तर हरविग रट्गर्स विद्यापीठात शिकवत आला आहे, आणि दोघांनीही स्टेज सोडलेलं नाही.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा हात सातव्या जागेपर्यंत पोचत नाही. त्याला ताणायला लावू नका. पाचव्या जागेपर्यंतच्या धुना द्या किंवा हलका प्लास्टिकचा ट्रॉम्बोन द्या. पहिल्या तासाला कागद काढू नका. तुम्ही दोन बार वाजवा, त्याने तेच परत वाजवावं, सूर एकच. दातांना तारा असतील तर वरच्या सुरांचा हट्ट काही महिने बाजूला ठेवा. सूर खोटा लागला तर ‘वर’ किंवा ‘खाली’ असं सांगू नका. तानपुरा लावून त्यालाच स्लाइड हलवून शोधू द्या.

गटात शिकवत असाल तर वर्गाचे तीन भाग करा: एक गट क्लावे, एक गट बास तोंडाने, एक गट ट्रॉम्बोनवर एका सुराची मोन्या. दर आठ फेऱ्यांनी जागा बदला. ज्याला टाळी धरता येत नाही त्याला ट्रॉम्बोनच्या गटात पाठवायची घाई करू नका, तो कितीही चांगला सूर लावत असला तरी. आणि चार-सहा महिन्यांत विद्यार्थ्याला कुठल्या तरी खऱ्या बँडमध्ये बसवा: चर्चचा, शाळेचा, लग्नाच्या वरातीचाही चालेल. सगळ्यात खालचा, सोपा भाग त्याच्या हाती द्या आणि पहिल्या तालमीला स्वतः शेजारी बसून तोच भाग त्याच्याबरोबर वाजवा.